मोटारसायकलची दावण

पाबळ हे शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाचं गाव, पुण्यापासून साठेक किलोमीटरवर. एकीकडे राजगुरूनगर, दुसरीकडे शिक्रापूर. चाकण आणि रांजणगाव या दोन औद्योगिक वसाहतींच्या मधोमध. पाऊस बेताचा, त्यामुळे घरातलं एक माणूस शेतीत आणि दुसरं कारखान्यात, अशी इथल्या अनेक घरांची घडी. ही घडी चालते मोटारसायकलवर. सकाळचं दूध डेअरीवर जातं, कांद्याची गोणी पेट्रोलच्या टाकीवर आडवी येते, रात्रपाळीचा पोरगा पहाटे परततो, म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असतं, सगळ्याला तीच गाडी. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बाजारात आलेली पल्सर तिथून देशभर गेली. म्हणजे ज्या मुलखात गाड्या बनतात त्याच मुलखातली ही माणसं, आणि गाडी गेली की त्यांचा रोजगार त्याच दिवशी थांबतो.

या परिसरातल्या जुन्या घरांमध्ये बैलांना गोठा असायचा आणि गोठ्यात दावण. बैल कुठे बांधायचा, कशाला बांधायचा, हा प्रश्न घर उभारतानाच सुटलेला असायचा. खुंटा जमिनीत किती खोल पुरायचा हेही ठरलेलं. आज बैलांच्या जागी लाखाच्या आसपास किमतीची मोटारसायकल आली आणि ती मात्र अंगणात मोकळी उभी असते, हँडल एका बाजूला वळवून. जड साखळी आणि कुलूप बाळगण्याविषयीचं हे प्रकरण आहे, पण माझं मुख्य म्हणणं या दावणीविषयी आहे. साखळी कितीही चांगली असली तरी तिचं दुसरं टोक कशाला बांधलं आहे यावर तिची निम्मी ताकद ठरते.

कारखान्यातून गाडीसोबत जी सुरक्षा येते ती काय आहे, ते आधी पाहू. हँडल लॉक म्हणजे एक छोटा खिळा. किल्ली दाबून फिरवली की तो सरकतो आणि सांगाड्याच्या खाचेत बसतो. त्यामुळे हँडल सरळ होत नाही, गाडी चालवता येत नाही. हा खिळा बारीक असतो आणि पुरेशा जोराने तो हरतो. दुसरी गोष्ट म्हणजे इग्निशन. ते विजेचं साधं बटण आहे, किल्लीने चालणारं एवढंच. त्याला बगल देण्याला चोर आणि पोलीस दोघेही ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात. शिवाय वर्षानुवर्षं वापरलेल्या किल्लीचे दाते आणि कुलपातल्या पट्ट्या झिजतात. जुन्या गाडीला दुसऱ्याच गाडीची किल्ली लागल्याचं गॅरेजवाल्यांनी पाहिलेलं असतं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी शंभर सीसीची गाडी भरते साधारण ११० किलो. दोघे-तिघे जण ती उचलून ‘छोटा हत्ती’ टेम्पोत टाकू शकतात. मग हँडल वळलेलं असो नाहीतर सरळ, काही फरक पडत नाही.

म्हणून चोरीचे प्रकार वेगवेगळे मोजायला हवेत. एक जण बाजारात फिरत हँडल हलवून पाहतो, कुणी किल्ली विसरलं आहे का ते शोधतो. दुसऱ्याच्या पिशवीत हत्यार असतं आणि हाताशी दोन-चार मिनिटं असतात. तिसरा टेम्पो घेऊन येतो. जड साखळी दिसली की पहिला पुढच्या गाडीकडे वळतो. दुसऱ्याची ती वेळ खाते. तिसऱ्यापुढे मात्र फक्त चाकात अडकवलेली साखळी उपयोगाची नाही, कारण तो साखळीसकट गाडी नेतो.

आता धातूकडे वळू, कारण दुकानात फसगत होते ती इथेच. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साखळी साध्या एम.एस.ची, म्हणजे मऊ पोलादाची असते. ट्रॉलीचं फाळकं बांधायला किंवा कुत्र्याला ती ठीक आहे. बोल्ट कटरच्या पात्यांपुढे मात्र ती टिकत नाही, कारण पाती तिच्याहून कितीतरी कठीण असतात. लोखंड कठीण कसं करायचं हे आपल्या लोहारांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. कोयत्याचं पातं लालभडक तापवून पाण्यात बुडवायचं, याला पाणी देणं म्हणतात. आत घडतं ते असं: मध्यम कार्बनचं पोलाद साधारण ८५० अंशांना तापलं की त्यातला कार्बन लोखंडाच्या स्फटिकांमध्ये विरघळतो. एकदम थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो तिथेच अडकतो आणि स्फटिकांची रचना ताणलेली, कठीण होते. नुसतं एवढंच केलं तर पातं काचेसारखं तडकेल, म्हणून ते पुन्हा कमी तापमानाला शेकून थोडं नरम करतात.

चांगल्या सुरक्षा-साखळीत याच विद्येचं पुढचं रूप असतं. कड्या बोरॉन किंवा मँगनीज मिसळलेल्या पोलादाच्या करतात, आणि कित्येकदा ९०० अंशांच्या वर कार्बनयुक्त वातावरणात ठेवून त्यांच्या वरच्या थरात जादा कार्बन मुरवतात. साल कठीण आणि गाभा चिवट अशी कडी तयार होते. सालीवर कटर घसरतो आणि घणाचा घाव गाभा सोसतो. कडीचा छेद गोल न ठेवता चौकोनी किंवा षट्कोनी ठेवतात, कारण गोल सळई कटरच्या जबड्यात नीट बसते आणि सपाट बाजूंच्या कडीवर त्याची पकड अवघड होते.

दुकानदार ‘हार्डन्ड आहे’ म्हणाला तरी पारख आपल्याच हातात असते. बारीक कानस घ्या आणि कडीच्या आतल्या बाजूला एकदा फिरवा. मऊ पोलादावर कानस चावते, चकचकीत ओरखडा उमटतो आणि कीस पडतो. पाणी दिलेल्या पोलादावर ती घसरते, आवाज बदलतो आणि खूण जवळजवळ पडत नाही. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ही तपासणी कुणीही दाखवील. आणि त्याच दुकानात एक चूकही हमखास होते: साखळी आखूड पडली म्हणून दोन तुकडे वेल्डिंगने जोडून घेतले जातात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या कडीचं आणि शेजारच्या कडीचंही पाणी उतरतं, त्या पुन्हा मऊ होतात. मग बाकीच्या वीस कड्यांवर खर्च केलेले पैसे फुकट जातात.

जाडीचा हिशोब महत्त्वाचा आहे, कारण बाळगण्याचा सगळा त्रास त्यातून येतो. साखळीचं वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ८ मिलिमीटरच्या कड्यांची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, १० मिलिमीटरची सव्वादोन किलो, १३ ची पावणेचारच्या वर आणि १६ मिलिमीटरची साडेपाच ते सहा किलो. हाताने चालवायच्या मोठ्या बोल्ट कटरला १० मिलिमीटरपर्यंतची साखळी बहुधा दाद देते. १६ मिलिमीटरची कठीण कडी माणसाच्या जोराने सहसा तुटत नाही. म्हणजे खात्रीची सव्वा मीटर साखळी घेतली तर कुलपासकट सात-आठ किलो ओझं. एवढं ओझं रोज डेअरीपर्यंत नेणारा माणूस आठवड्याभरात ती साखळी घरी ठेवू लागतो, आणि घरी राहिलेली साखळी बाजारात उभ्या असलेल्या गाडीचं काहीच राखत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरने हा हिशोब आणखी बिघडवला आहे. त्याची चकती कठीण पोलाद कापते. दोन-तीन मिनिटं लागतात एवढंच. ग्राइंडरला झिजवणारे संमिश्र थर चढवलेली नवी कुलपं परदेशात निघाली आहेत, पण त्यांची किंमत आपल्याकडच्या जुन्या गाडीच्या निम्म्यापर्यंत जाते. तरी ग्राइंडरचा एक दोष आपल्या बाजूचा आहे. त्याचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत. रात्री गाव झोपलेलं असताना तो आवाज चार घरं ओलांडून जातो.

कुलूप अभेद्य असतं ही समजूत १८५१ मध्येच मोडली. त्या वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनाच्या सुमारास आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. ब्रामा कंपनीचं कुलूप तिच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं आव्हान म्हणून मांडलेलं होतं. ते उघडायला त्याला सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले आणि त्याने २०० गिनींचं बक्षीस जिंकलं. तेव्हापासून कुलपाचं मोजमाप वेळेतच होत आलं आहे. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था कुलपांवर प्रत्यक्ष हत्यारं चालवून पाहते आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण, हिरा अशा पायऱ्या देते. आपल्याकडे लालबागमध्ये अर्देशीर गोदरेजांनी १८९७ मध्ये कुलपांपासूनच धंदा सुरू केला, घरोघरी कुलपांची पारख आली, पण मोटारसायकलच्या साखळीवर मिनिटांचा असा शिक्का अजून सहसा दिसत नाही. तोवर कानस आणि वजनकाटा यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

साखळी गाडीवर न्यायची कशी, याचा विचार फार थोडे लोक करतात, आणि इथे चूक झाली तर चोरीहून मोठं नुकसान होतं. पाठीवरच्या सॅकमध्ये कधीही नेऊ नये. गाडी घसरली तर माणूस पाठीवर आपटतो आणि तेव्हा पाच किलो पोलाद मणक्याखाली असतं. कमरेला गुंडाळणं, गळ्यात तिरकी अडकवणं यातही तोच धोका. हँडलला लटकवली तर वळताना हँडल एका बाजूला ओढ घेतं आणि साखळीचं टोक पुढच्या चाकात जाऊ शकतं. डावीकडच्या साडी गार्डला बांधायची सवय पुष्कळांना आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं मागचं चाक झाकणारी व्यवस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३व्या नियमाने सक्तीची केली आहे. ती जाळी पदरासाठी आहे, साखळीच्या वजनासाठी नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिथली सैल साखळी सरकत चाकात उतरते आणि चालतं चाक जाग्यावर अडकतं.

जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ असावी, हा नियम. पुढच्या लेग गार्डला दोन-तीन वेढे घट्ट देऊन, कुलूप त्याच वेढ्यांत लावून टाकलं तर साखळी हलत नाही. पाय आणि ब्रेकचा पेडल मोकळा राहतो का ते मात्र उभ्या गाडीवर आधी तपासावं. दुधाच्या कॅनसाठी मागे कॅरिअर असेल तर जाड कापडाच्या पिशवीत, रबरी पट्ट्याने आवळून ठेवावी. सायलेन्सरची बाजू टाळावी. आणि साखळीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचं आवरण चढवावं: टाकीचा रंग जात नाही, खडखडाट होत नाही आणि पावसाचं पाणी कड्यांत कमी शिरतं. खर्च जवळजवळ शून्य.

हलका पर्याय म्हणून डिस्क लॉक सुचवलं जातं. ते चिमुकलं असतं, डिस्कच्या भोकात बसतं आणि चाक फिरू देत नाही. पण खेड्यातल्या बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांना दोन्हीकडे ड्रम ब्रेक असतात, तिथे ते लागतच नाही. ज्यांच्या गाडीला डिस्क आहे त्यांनी लॉकपासून हँडलपर्यंत एक रंगीत दोरी बांधावी. लॉक विसरून गाडी सुरू केली तर पहिल्याच फुटात माणूस आडवा होतो.

आता दावणीकडे येतो. माझ्या मते सात किलोची साखळी गाडीवर न्यायचीच नाही. ती घरी, कायमची, दावणीला अडकवलेली असावी. बाहेर नेण्यासाठी दहा-बारा मिलिमीटरची, साडेतीन ते पाच किलोची दुसरी ठेवावी. गाडी सर्वांत जास्त तास आणि सर्वांत कमी नजरेखाली उभी असते ती रात्री घरी. म्हणून जाड पोलाद तिथे हवं.

दावण करायला फार लागत नाही. साधारण २५ मिलिमीटर जाडीची सळई उलट्या यू-आकारात वाकवायची, दोन्ही पाय खाली बाहेरच्या बाजूला पसरायचे आणि आडवी सळई वेल्ड करायची, म्हणजे उपसून निघणार नाही. ही सळई मऊच असेल, म्हणून ती जाड घ्यायची. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा काढून एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी यांचं काँक्रीट भरायचं. तेवढ्या ठोकळ्याचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास जातं. किमान सात दिवस त्यावर पाणी मारायचं. उन्हाळ्यात यात हयगय केली तर काँक्रीट कच्चं राहतं. घराला आर.सी.सी. कॉलम असेल तर गुडघ्याच्या उंचीवर तिथेच कडं बसवणं अधिक बरं, कारण साखळी जमिनीवर लोळत असली की कटरला आणि घणाला जमिनीचा टेकू मिळतो. मातीत रचलेल्या दगडी भिंतीत कडं बसवू नये, दगडासकट निघतं.

हे काम पाबळला अवघड नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून ते या अवर्षणग्रस्त गावात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी हाताने काम करत शिकावं, आणि ते काम गावाच्या खऱ्या गरजेचं असावं, हा त्यांचा आग्रह होता. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती हे सगळं तिथल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात एकत्र येतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये इथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या सर्वांत आधीच्या लॅबपैकी एक. मोजणं, कापणं, वाकवणं, जोडणं, काँक्रीट ओतणं या साऱ्या गोष्टी एका कड्यात येतात. शिकाऊ मुलांच्या हातचं याहून चांगलं आणि उपयोगी पहिलं काम मला सुचत नाही. बाजाराच्या जागेवर, एसटी थांब्याजवळ आणि यात्रेच्या मैदानाकडेला अशा कड्यांची एक रांग ग्रामपंचायतीने बसवली तर शिक्रापूरहून आलेल्या पाहुण्यालाही साखळी अडकवायला जागा मिळेल.

रानातली गोष्ट निराळी. शेतीची लाइट रात्रीची असली की पाण्याची दारं धरायला माणूस अंधारात जातो आणि गाडी बांधावर लावून आत शिरतो. शिरूर-जुन्नर पट्ट्यात बिबट्याची धास्ती असते, लक्ष सगळं आवाजाकडे, गाडी शे-दोनशे पावलं मागे. इथे दावण म्हणजे झाड. नऊ इंच जाडीच्या कडुनिंबाचा घेर सत्तर सेंटिमीटर भरतो, म्हणून बरोबर न्यायची साखळी दीड मीटरची घ्यावी. ती मागच्या चाकातून आणि सांगाड्याच्या बंद भागातून ओवून खोडाभोवती न्यावी. पुढच्या चाकाला बांधू नये, एक नट सैल केला की ते सुटतं. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला गाडी कधीही बांधू नये; ओल्या रानात त्यात प्रवाह उतरलेला असू शकतो. कुलपाचं किल्लीचं भोक खाली तोंड करून ठेवावं आणि आत तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड घालावी. तेलाला इथली धूळ चिकटते आणि दोन उन्हाळ्यांत कुलूप घट्ट होतं. साखळीला शोभेल एवढीच जाड कडी कुलपालाही हवी, हे सांगायला नको, पण महागड्या साखळीला पेटीचं कुलूप लावलेलं दिसतं म्हणून सांगितलं.

एवढं करूनही गाडी गेलीच, तर पहिले काही तास कागदांचे असतात. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी द्यावी. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमाखाली नोंदतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमानुसार हद्द कुठलीही असली तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते, आणि ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करायची असते. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लिहून घरात ठेवलेले असावेत, आर.सी. डिकीत ठेवली तर ती गाडीबरोबरच जाते.

विम्याचे पैसे सर्वसमावेशक किंवा स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तरच मिळतात. केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत चोरी धरलेली नसते. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आणि एक आधीच हरवलेली असेल तर दाव्याला अडथळा येतो. गाडी सापडली नाही तर पोलीस ‘अ समरी’ करतात, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडला नाही. हा कागदही दाव्याला लागतो. एका ट्रॅक्टरच्या चोरीत मालकाने पोलिसांना लगेच कळवलं होतं, विमा कंपनीला मात्र उशिरा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये निकाल दिला की पोलिसांत तक्रार तत्काळ झाली असेल, तर कंपनीला कळवायला झालेल्या विलंबाच्या एकट्या कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही. तरी दोघांनाही त्याच दिवशी कळवावं. पुण्याच्या ‘एआरएआय’ने मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण गाडीला बसवलेलं असेल, तर हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, अशी सवलत वाहनविम्याच्या दरपत्रकात ठेवलेली होती. मोकळी साखळी त्यात मोजली जात नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही थोडं पाहावं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट येते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती काढताना तिचं कुलूप मोडतं, म्हणून दुसऱ्या गाडीवर बसवता येत नाही. हँडलखालच्या चॅसीवरचा क्रमांक घासलेला किंवा रंगाखाली दडलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर ती गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे पैसे देण्याआधी पाहता येतं. कागदाविना चार-पाच हजारांत मिळणारी गाडी कुणीतरी कर्ज काढून घेतलेली असते, आणि ती सापडली की घेणाऱ्याच्या दारातूनच उचलली जाते.